क्षयरोग्यांची खतावणी आणि आपण दिलेला शब्द

संघाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी बाजारभाव, वखारी अथवा करपद्धती यांपैकी एखाद्या विषयावर चार शब्द लिहावेत, अशी संपादक मंडळाची सूचना होती. ती या वर्षी आमच्याकडून पाळली जात नाही, याबद्दल मंडळाने क्षमा करावी. सार्वजनिक आरोग्याच्या कामात संगणक आणि मोबाइल यांचा जो प्रवेश झाला आहे, त्यासंबंधी, आणि त्यातही क्षयरोगाच्या कामासंबंधी, आम्हांस काही सांगावयाचे आहे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. वैद्यकातला अथवा यंत्रविद्येतला कोणताही अधिकार आम्ही सांगत नाही. परंतु धान्याच्या घाऊक पेढीवर चाळीसहून अधिक वर्षे आम्ही वही लिहिली आणि लिहवून घेतली आहे. आणि हा विषय बारकाईने पाहिला तर अखेर वहीचाच आहे, अशी आमची समजूत झाली आहे.

आमच्या लहानपणी बेळगाव भागात क्षय म्हटला की घरात कुजबुज सुरू होई. ज्याची ऐपत असे त्यास मिरजेजवळच्या वानलेसवाडीच्या आरोग्यधामात नेत. ज्याची नसे तो घराच्या पडवीत खाट टाकून राही. रुग्णास घरी ठेवूनही औषधाने तितकाच गुण येतो, हे मद्रास येथील क्षयरोग केंद्राच्या प्रयोगाने १९५९ साली सिद्ध केले आणि साऱ्या जगाची उपचारपद्धती बदलली. ही गोष्ट फार मोठी होती. मात्र तिच्यातून एक नवी अडचण उभी राहिली. रुग्ण इस्पितळाच्या खाटेवर असला तर परिचारिका गोळी देते आणि तक्त्यावर खूण करते. तो गल्लीबोळांत, वीटभट्टीवर, मार्केट यार्डात विखुरला की त्याने गोळी घेतली की नाही हे कोण पाहणार? आजही नेहमीच्या क्षयावर सहा महिने रोज औषध घ्यावे लागते. दुसऱ्या महिन्यात खोकला थांबतो, अंगात बळ येते, आणि नेमका त्याच वेळी मनुष्य औषध सोडतो. मग जो क्षय उलटतो तो नेहमीच्या गोळ्यांना दाद देत नाही. म्हणून या रोगात औषधाइतकेच महत्त्व नोंदीस आहे.

ही नोंद कागदी रजिस्टरात पुष्कळ वर्षे चालली. २०१२ साली प्रत्येक क्षयरुग्णाची माहिती शासनास कळवणे खासगी डॉक्टरांसही बंधनकारक झाले आणि त्याच वर्षी केंद्र सरकारने ‘निक्षय’ नावाचे पोर्टल सुरू केले. प्रत्येक रुग्णास एक क्रमांक मिळतो. तो बेळगावात तपासला गेला आणि पोटासाठी गोव्यास गेला, तरी तेथील केंद्रात त्याच क्रमांकावर त्याचे खाते उघडते. आपल्या पेढीची बाकी दुसऱ्या गावच्या पेढीवर त्याच क्षणी दिसावी, तसा हा प्रकार आहे. जुन्या पद्धतीत असा मनुष्य एका गावच्या रजिस्टरात ‘बेपत्ता’ ठरे आणि दुसऱ्या गावी नव्याने पहिल्या पानावर येई.

निदानातही मोठी प्रगती झाली आहे. आपल्या चोर्ला घाटाखाली, गोव्यातील वेर्णे येथील मोलबायो या कंपनीचे ‘ट्रूनॅट’ हे यंत्र जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली मान्य केले. ते बॅटरीवर चालते, लहान आरोग्य केंद्रात टेबलावर मावते, आणि थुंकीच्या नमुन्यातून सुमारे तासाभरात क्षय आहे की नाही हे सांगते; क्षय निघाला तर मुख्य औषधास तो दाद देईल की नाही, तेही पुढच्या चाचणीत कळते. पूर्वी हेच कळण्यास आठवडे लागत. इतके उपयुक्त यंत्र आपल्या शेजारी तयार होते आणि आपल्यापैकी फार थोड्यांस ते ठाऊक आहे, याचे आम्हांस नवल वाटले.

परंतु आम्हांस मनापासून आवडलेली युक्ती याहून साधी आहे. तिचे नाव ‘नाइन्टीनाइन डॉट्स’. गोळ्यांच्या पट्टीस पाठीमागून एक कागदी पाकीट चिकटवलेले असते. गोळी दाबून बाहेर काढली की तिच्या आड दडलेला टेलिफोन क्रमांक दिसतो. त्या क्रमांकावर फुकट फोन लावावयाचा, तो आपोआप तुटतो, आणि त्या दिवशीची गोळी काढल्याची नोंद होते. मोठा मोबाइल नको, वाचता येणे नको, पैसे नकोत. हमालाच्या खिशातला बटणांचा जुना फोन पुरतो. गोळी काढली म्हणजे गिळली असे नाही, हे खरे. खोटी नोंद करणाऱ्यास कोणतीच वही अडवू शकत नाही, हे आपण व्यापाऱ्यांस नव्याने सांगावयास नको. तथापि ज्याने ही युक्ती काढली त्याने गरीब माणसाच्या हातात काय आहे हे आधी पाहिले आणि मग यंत्र घडवले, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते.

आता आमच्या घरचा अनुभव सांगतो. आमच्या दुकानातील एक हमाल, ज्याने आमची पोती तीस वर्षे पाठीवर वाहिली, तो २०२३ च्या पावसाळ्यात खोकू लागला. आम्ही त्यास सरकारी दवाखान्यात पाठवले. थुंकीची तपासणी झाली, त्याच दिवशी क्षय निघाला, दुसऱ्या दिवशी औषध हाती पडले, क्रमांक मिळाला. येथवर आम्ही चकित होतो. इतका चोख कारभार आमच्या पेढीवरही नाही, असे आम्ही मुनीमजींस बोलूनही दाखवले.

क्षयरुग्णास पौष्टिक आहारासाठी एप्रिल २०१८ पासून सरकार दरमहा ५०० रुपये थेट बँकेत जमा करीत आले आहे. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १००० रुपये झाली. आमच्या हमालास पहिल्या महिन्यात पैसे आले नाहीत. दुसऱ्यात नाहीत, तिसऱ्यात नाहीत. पोर्टलवर त्याच्या नावापुढे सर्व काही यथास्थित होते. चौकशीअंती कळले ते असे. त्याची बँक काही वर्षांपूर्वी दुसऱ्या बँकेत विलीन झाली होती आणि शाखेचा संकेतांक बदलला होता. त्याने दिले ते जुने पासबुक. शिवाय आधार कार्डावर त्याचे नाव कन्नड उच्चाराप्रमाणे इंग्रजीत लिहिले होते आणि पासबुकात मराठी उच्चाराप्रमाणे. आपल्या सीमाभागात हे घरोघरी आहे आणि त्यात कोणाचा दोष नाही. पण यंत्राच्या दृष्टीने ती दोन माणसे होती. दुरुस्तीसाठी मोबाइलवर संकेतांक येतो, तो मोबाइल मुलाच्या नावावर, आणि मुलगा म्हापशाला बांधकामावर. आम्ही फोन लावला तेव्हा तो परातीवर. त्याने खाली उतरून आकडे वाचून दाखवीपर्यंत मुदत संपलेली. असे तीन वेळा झाले. चौथ्या वेळी आमच्या नातवाने हे काम पार पाडले. पाचव्या महिन्यात पैसे आले. ज्या दोन महिन्यांत त्याच्या अंगास अन्नाची सर्वांत अधिक गरज होती, ते केव्हाच निघून गेले होते.

वाचकांनी कृपा करून येथे घाईने निष्कर्ष काढू नये. ‘पाहा, म्हणून आम्ही म्हणत होतो, हे संगणक फसवे’ असे आमचे म्हणणे मुळीच नाही. हेच पैसे पूर्वी रोख वाटले असते तर त्यांतले किती त्याच्या हाती पडले असते, याचा हिशेब प्रत्येकाने मनाशी करावा. आमचा मुद्दा वेगळा आहे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि पोर्टलवर विवरणपत्रे भरण्याची वेळ आली, तेव्हा आपल्या बाजारात केवढा गोंधळ उडाला होता ते आठवावे. एका अक्षराच्या चुकीने परतावे अडकले. रात्री बारा वाजता पोर्टल उघडण्याची वाट पाहत आपली मुले जागली. तरीही आपण निभावून गेलो. कशामुळे? पोर्टल सुधारले हे खरेच. पण त्याआधी आपण प्रत्येकाने एक सनदी लेखापाल गाठला आणि एक संगणक जाणणारा मुलगा पगारी ठेवला. आपल्या आणि यंत्राच्या मध्ये एक माणूस उभा राहिला. हमालाच्या आणि यंत्राच्या मध्ये कोण उभे आहे? आशा कार्यकर्ती आणि क्षयरोग केंद्राचे कर्मचारी यांच्याकडे इतकी घरे आणि इतक्या नोंदी असतात की एकेका पासबुकासाठी बँकेत तासभर उभे राहणे त्यांस शक्य नाही.

अन्नाचा उल्लेख आला म्हणून आणखी एक गोष्ट. आपण धान्याचे व्यापारी. ती आपण तरी जाणून घेतली पाहिजे. मंगळूर येथील डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव या दांपत्याच्या पुढाकाराने झारखंडात २०१९ पासून एक मोठा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष ऑगस्ट २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. क्षयरुग्णाच्या घरातील इतर माणसांस दरमहा माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. ज्या घरांतील इतरांस असे धान्य मिळाले नाही त्यांच्या तुलनेत या घरांत नवा क्षय ३९ टक्क्यांनी कमी झाला. जंतूंच्या तपासणीने सिद्ध झालेला फुप्फुसाचा क्षय तर ४८ टक्क्यांनी. ही किमया लशीची नव्हती. ज्या मालाची आपण रोज अडत घेतो, काट्यावर घालतो आणि नमुना तळहातावर चोळून पाहतो, त्याच मालाची होती. आपल्या वडीलधाऱ्यांनी आहारदान आणि औषधदान यांची नावे वेगवेगळी सांगितली आहेत. या रोगात ती दोन्ही एकाच पिशवीत येतात.

याच विचाराने केंद्र सरकारने सप्टेंबर २०२२ मध्ये ‘निक्षय मित्र’ ही योजना काढली. व्यक्ती, पेढी वा संस्था पोर्टलवर नाव नोंदवते, रुग्णाची संमती घेतली जाते, आणि किमान सहा महिने त्यास दरमहा धान्याची पिशवी द्यावयाची असते. मोठ्या माणसास तीन किलो धान्य, दीड किलो डाळ, पाव किलो तेल, आणि दूधभुकटी अथवा शेंगदाणे एक किलो, असे तिचे प्रमाण सुचवलेले आहे. आपल्या संघाने मोठ्या उत्साहाने नाव नोंदवले. त्यापुढे जे झाले ते लिहिण्यासाठीच हा लेख आहे. काही सभासदांस ते रुचणार नाही हे आम्ही जाणतो. परंतु त्यांत आम्हीही आहोत, म्हणून आम्हांस तो अधिकार आहे असे वाटते.

पहिल्या महिन्यात समारंभ झाला. मंडप, हार, पाहुणे. पिशव्या दिल्या आणि छायाचित्रे घेतली. त्याच संध्याकाळी ती छायाचित्रे व्हॉट्सअ‍ॅपवर साऱ्या शहरात फिरली. आमचा हमाल पहिल्या रांगेत पिशवी घेऊन उभा होता. त्याची पत्नी चार घरी स्वयंपाकास जात असे. त्यांतील दोन घरांनी तिला दुसऱ्या दिवशी ‘सध्या येऊ नका’ असे सांगितले. सरकारने रुग्णाची संमती घेतल्याशिवाय त्याचे नाव आपणांस कळू दिले नव्हते. ती गुप्तता आपण एका संध्याकाळी उधळून टाकली, आणि तीही अभिमानाने. त्याने तक्रार केली नाही. एवढेच म्हणाला, “मालक, पिशवी घरी पाठवली असती तर बरं झालं असतं.”

दुसऱ्या महिन्यात पिशव्या गेल्या, पण त्यांतील तूरडाळ किडलेली निघाली. कोणाच्या दुकानातून ती आली याची चौकशी आम्ही मुद्दाम केली नाही. तिसऱ्या महिन्यात दिवाळी आली, सर्वांची धावपळ, पिशव्या राहिल्या. चौथ्या महिन्यात कोणास आठवण झाली नाही.

एके दिवशी दुपारी त्या भागातील आशाताई दुकानात आल्या. आम्ही गादीवर बसावयास सांगितले, त्या बसल्या नाहीत. म्हणाल्या, “शेठजी, रागावू नका. पोर्टलवर या रुग्णांसमोर अजून तुमच्याच संघाचं नाव आहे. एकदा मित्राचं नाव लागलं की दुसरा कोणी त्यांच्याकडे बघत नाही. तुम्हाला जमणार नसेल तर तसं सांगून टाका.”

आमच्या आयुष्यात आमच्या पेढीची हुंडी कधी परत गेली नाही. आजोबांच्या काळी नाही, वडिलांच्या काळी नाही. त्या दुपारी ती गेली. सकारलेली हुंडी मुदतीस न भरणे आणि हे, यांत आम्हांस काडीचाही भेद दिसत नाही. उलट हुंडीत बुडणारा सावकार असतो. येथे आपल्या नावाने अडून राहिलेला मनुष्य तापाने फणफणत होता. कागदी रजिस्टर असते तर कदाचित ही गोष्ट कोणाच्या ध्यानातही आली नसती. पोर्टलने ती आशाताईंस दाखवली आणि आशाताईंनी आम्हांस. यंत्राबद्दल आमच्या मनात जो आदर आहे तो यामुळेच. त्याने आमची थकबाकी लपवली नाही.

याविषयी आम्ही कार्यकारिणीत बोललो, तेव्हा काही बंधूंनी हे काम सरकारचे आहे असे मत दिले. औषध, तपासणी आणि डॉक्टर हे सरकारचे काम निःसंशय आहे, आणि ते चुकले तर जाबही विचारला पाहिजे. मार्च २०२४ मध्ये क्षयाच्या औषधांचा पुरवठा विस्कळीत झाला आणि केंद्राने राज्यांस स्थानिक खरेदी करण्यास सांगितले. औषधांच्या साठ्याची नोंदही संगणकावरच असते. पण साठा उतरल्याचे कळले म्हणून तो आपोआप भरत नाही. ज्याच्या वखारीत शिल्लक चारच पोती आहेत त्याने वेळेवर खरेदी केली पाहिजे, वही कितीही सुरेख असो. हे सर्व मान्य. परंतु पिशवीचा शब्द सरकारने दिला नव्हता, आपण दिला होता.

दुसरे काही बंधू म्हणाले, आपण इस्पितळास दोन संगणक आणि एक मोठा पडदा भेट द्यावा, त्यावर संघाचे नाव घालावे. या सूचनेचा हेतू चांगला आहे; पण आमचा तीस विरोध आहे, तो येथे नोंदवून ठेवतो. यंत्रे तेथे आहेत. नाही तो माणूस. मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारा, पासबुक वाचणारा, बँकेच्या खिडकीशी रांगेत उभा राहणारा, म्हापशाला फोन लावून आकडे वेळेत लिहून घेणारा असा एक मुलगा अथवा मुलगी संघाने पगारी ठेवावी आणि क्षयरोग केंद्राच्या अधिकाऱ्यांची परवानगी घेऊन त्यांच्या हाताखाली द्यावी. त्याच व्यक्तीने आपल्या पिशव्यांचाही हिशेब ठेवावा आणि पोर्टलवर नोंद पिशवी पोहोचल्यावरच करावी, आधी नव्हे.

खर्चाचा अंदाज आम्ही काढला आहे. आजच्या घाऊक भावाने शाळू, तूरडाळ, तेल आणि शेंगदाणे धरून एक पिशवी साधारण साडेपाचशे रुपयांत बसते. सहा महिन्यांचे तेहेतीसशे. चाळीस रुग्ण घेतले तर एक लाख बत्तीस हजार. गेल्या वर्षीच्या स्नेहभोजनाचा आणि सत्काराच्या शालींचा आकडा खजिनदारांच्या वहीत आहे. सभासदांनी तो पाहावा. चाळीसांचा भार पेलत नसेल तर पंधरा घ्यावे. परंतु जितके घ्यावे तितके सहा महिने पुरे निभवावे, आणि जे निभवणार नाहीत ते तसे लेखी कळवून मोकळे करावे, म्हणजे दुसऱ्या दात्यास त्यांच्याकडे पाहता येईल. छायाचित्रे घेऊ नयेत. पिशव्या घरपोच जाव्यात आणि पिशवीवर संघाचे नाव नसावे. डाळ अशी असावी की जी आपण गिऱ्हाइकास नमुना म्हणून दाखवू.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आम्ही या अर्थाचा ठराव मांडणार आहोत. अनुमोदनासाठी दोघा सभासदांनी होकार दिला आहे. आमचा हमाल बरा झाला. पोती उचलणे डॉक्टरांनी बंद केले, म्हणून तो आता दुकानात काट्यावर बसतो आणि पोती शिवतो. पिशव्या भरण्याचे काम आपणांकडे द्यावे असे त्याने आपण होऊन सांगितले आहे. पहिल्या दहा पिशव्यांचा शाळू आम्ही वखारीत वेगळा काढून ठेवला आहे. तो याच हंगामाचा आहे.